उगमस्थानची कपात आणि जोडउत्पन्नाचे निवेदन : उरला येथील परक्या कामगाराच्या निमित्ताने

'निवेदन' हा शब्द मराठीत दोन भिन्न क्षेत्रांत वावरतो. साहित्यसमीक्षेत तो कथनाच्या रीतीचा वाचक आहे आणि त्यावरूनच 'निवेदक' ही संज्ञा सिद्ध झाली आहे. कचेरीत तोच शब्द अधिकाऱ्यापुढे लेखी मांडलेल्या म्हणण्यासाठी योजला जातो. प्राप्तिकराच्या व्यवहारात या दोन अर्थांची गाठ पडते. पगारदाराचे उत्पन्न किती, त्यावर कर किती, हे त्याच्या वतीने मालक सरकारला सांगत असतो. पगारदार त्या कथनात केवळ एक पात्र असतो. पगाराबाहेर त्याने काही मिळवले तर मात्र ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. हा पगारदार ज्या देशात राबतो त्या देशाचा नागरिक नसेल, तर त्याचे सांगणे कोण ऐकतो, कोणत्या क्षणी ऐकतो आणि त्याची किंमत काय, हे प्रश्न नुसते हिशेबाचे राहत नाहीत. प्रस्तुत लेखात रायपूरजवळील उरला ही औद्योगिक वसाहत समोर ठेवून या प्रश्नांचा तौलनिक विचार केला आहे.

संज्ञांविषयी

पगार हाती पडण्यापूर्वीच कर कापून घेण्याच्या पद्धतीला मराठीत 'उगमस्थानी करकपात' आणि हिंदीत 'स्रोत पर कर कटौती' असे म्हणतात. जर्मनभाषक स्वित्झर्लंडमध्ये तिचे नाव 'क्वेलेनश्टॉयर' असे आहे. 'क्वेले' म्हणजे झरा. जपानी भाषेत तिला 'गेन्सेन चोशू' म्हणतात आणि 'गेन्सेन' या जोडशब्दातील दोन्ही चित्राक्षरे पाण्याच्या उगमाचीच आहेत. या संज्ञा स्वतंत्रपणे घडलेल्या असोत वा एकमेकींवरून बेतलेल्या, त्या सर्व मिळकतीची कल्पना वाहत्या पाण्यासारखी करतात: पाणी घागरीत येण्याआधी झऱ्यापाशीच वाटा काढला जातो. मराठी ग्रामजीवनाला हा प्रकार अपरिचित नव्हता. खळ्यावरच्या राशीतून बलुतेदारांचे हक्क निघाल्यावर मगच धान्य कुणब्याच्या घरी जात असे. फरक एवढाच की खळ्यावरचे माप कुणब्याच्या डोळ्यांसमोर होई. कारखान्यातील कामगाराला आपल्या राशीचे माप कागदावरच दिसते, आणि तो कागद त्याने लिहिलेला नसतो.

पगाराबाहेरच्या मिळकतीची नावे अधिक बोलकी आहेत. 'जोडधंदा' हा प्रतिष्ठित शब्द आहे. शेतीला जोड म्हणून गाय बाळगणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. 'वरकमाई' म्हटले की लाचेचा वास येतो. 'मानधन' या शब्दात मान पुढे आणि धन मागे असल्याने ती मजुरी आहे हे झाकले जाते. कीर्तनकार आणि गवई 'बिदागी' घेतात, ग्रंथकार 'स्वामित्वधन' घेतो. जर्मन भाषा अशा मिळकतीला 'नेबेनआइनक्युन्फ्टे' म्हणजे शेजारचे उत्पन्न म्हणते. जपानीतील 'फुकुग्यो' दुय्यम उद्योग सुचवतो आणि तेथील कर-वर्गीकरणात अशी मिळकत पुष्कळदा 'झात्सु-शोतोकु' अर्थात संकीर्ण या खान्यात पडते. प्राप्तिकराचा कायदा या छटा जाणत नाही. मानधन असो वा बिदागी, ते धंद्याचे किंवा व्यवसायाचे उत्पन्न तरी ठरते, नाही तर 'इतर मार्गांनी झालेली प्राप्ती' तरी. व्यवहारात गफलत येथूनच सुरू होते. व्याख्यानाचे मानधन हा सन्मान आहे, तो 'कमाई'त कसा धरावा, असे प्रामाणिकपणे वाटणारा मनुष्य विवरणपत्रात ते लिहीत नाही. त्याची अडचण नैतिक नसून शब्दार्थाची असते, परंतु व्याज आणि दंड शब्दार्थाला सूट देत नाहीत.

उरल्यातील परका कोण?

उरला ही रायपूरच्या उत्तरेची औद्योगिक वसाहत. बिरगाव आणि सिलतरा हा तिचा शेजार, खारून नदी जवळून वाहते. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या, सळ्या ओढणाऱ्या गिरण्या आणि त्यांच्या आधाराने जगणारे लहान कारखाने हे तिचे रूप. (मराठी कानाला हे गावाचे नाव भूतकाळी क्रियापदासारखे ऐकू येते, कपातीनंतर काय उरले हा प्रश्न पगाराच्या दिवशी तेथेही पडत असणारच.)

मराठी भाषकाच्या दृष्टीने या भागातील परकेपणाला वेगळाच इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची रचना होऊन रायपूर व नागपूर एकाच प्रांतात नांदू लागले. कचेऱ्या, शाळा आणि वकिली यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे रायपुरात स्थिरावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. जे कुटुंब जागचे हलले नाही तेही त्या दिवशी 'परप्रांतातील मराठी' ठरले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले तेव्हा त्याच घराने तिसऱ्यांदा राज्य बदलले, तेही उंबरठा न ओलांडता. प्राप्तिकर हा केंद्राचा विषय असल्याने त्याच्या दृष्टीने यांपैकी कोणत्याही तारखेला या कुटुंबाचे काही बदलले नाही. मराठी माणूस उरल्यात प्रांताने परका असेल, कराच्या हिशेबी तो परका नाही.

मग करासाठी परका कोण? भारतीय कायद्याचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकाला विचित्र वाटेल. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने परकेपण जन्मावर, भाषेवर किंवा पारपत्रावर न ठरवता प्रामुख्याने दिवसांवर ठरवले. एखादी व्यक्ती वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिली तर ती 'निवासी'. किंवा त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस राहिली असेल, तरीही निवासी. नागरिकत्वाचा विचार काही अपवादांपुरता येतो: नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे. २०२५ मध्ये संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या नव्या कायद्याने 'मागील वर्ष' व 'आकारणी वर्ष' या गोंधळात टाकणाऱ्या जोडीऐवजी एकच 'कर वर्ष' आणले, पण दिवसगणनेचा सांगाडा तोच ठेवला.

आता उरल्यातील एका भट्टीसमोर चार माणसे उभी आहेत अशी कल्पना करावी. पहिला गोंदियाहून आलेला मराठी फोरमन. दुसरा नेपाळचा नागरिक. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे त्याला येथे काम करण्यास परवाना लागत नाही. तिसरा जर्मन अभियंता, नवी यंत्रणा बसवून देण्यासाठी आपल्या मूळ कंपनीने ८० दिवसांसाठी धाडलेला. चौथाही जर्मन, परंतु उरल्यातील कंपनीच्याच पगारावर दोन वर्षांसाठी आलेला. सामान्य बोलण्यात पहिला 'आपला' आणि उरलेले तिघे 'परदेशी'. कायद्याच्या लेखी पहिला, दुसरा आणि, वर्षातील दिवस पुरेसे भरले की, चौथाही निवासी. परका फक्त तिसरा. त्या तिसऱ्याच्या वेतनालाही, त्याचा मुक्काम ९० दिवसांहून अधिक नसेल, त्याच्या कंपनीचा भारतात धंदा नसेल आणि ते वेतन भारतात करपात्र ठरणाऱ्या उत्पन्नातून वजा घातलेले नसेल तर, १९६१ च्या कायद्याने करमुक्ती दिली होती. जवळच्या भिलाईत १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत तज्ज्ञ मोठ्या संख्येने येऊन राहिले आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाला कराच्या बाबतीत पाहुणा मानायचे की रहिवासी, हा प्रश्न या परिसराला तेव्हापासून परिचित आहे.

या चौथ्या माणसाच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. भारतात नव्याने आलेला निवासी पहिली काही वर्षे 'निवासी, परंतु सामान्यतः निवासी नसलेला' या लांबलचक नावाच्या वर्गात मोडतो: आधीच्या दहांपैकी नऊ वर्षे तो अनिवासी असेल किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांहून अधिक काळ भारतात राहिला नसेल तर. या अवस्थेत लाइपझिगमधील घराचे भाडे त्याला भारतात करपात्र नाही. मात्र उरल्याच्या खोलीत बसून त्याने संध्याकाळी केलेल्या कामाचा मोबदला, देणारा जर्मनीत असला तरी, सामान्यतः भारतात उद्भवलेला मानला जातो. कोठे पैसे मिळाले यापेक्षा कोठे बसून काम केले हे येथे निर्णायक ठरते.

सांगण्याच्या दोन वाटा

चौथ्या माणसाने शनिवार-रविवारी पुण्याच्या एका कंपनीसाठी यंत्रांची रेखाटने करून दिली आणि वर्षाकाठी २,००,००० रुपये मिळवले असे समजू. पुण्याच्या कंपनीने व्यावसायिक सेवेच्या मोबदल्यातून १० टक्के, म्हणजे २०,००० रुपये कापले. त्याच्या हाती १,८०,००० रुपये आणि कपातीचा दाखला आला. 'कर तर कापला गेला, आता सांगायचे काय उरले?' हा समज येथे सर्वाधिक आढळतो आणि तो चुकीचा आहे. निवासी व्यक्तीच्या बाबतीत ही कपात अंतिम कर नसून केवळ उचल असते. त्याच्या उत्पन्नाचा वरचा थर ३० टक्के दराने आकारला जात असेल तर या दोन लाखांवर ६०,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ६२,४०० रुपये होतात (तो काम करण्यासाठी झालेला खर्च बाजूला ठेवून). कापलेले २०,००० वजा जाता ४२,४०० रुपये त्याच्याकडून येणे राहते.

ही रक्कम सांगण्याच्या दोन वाटा १९६१ च्या कायद्याने ठेवल्या होत्या. पहिली वाट मालकाकडून जाते: कामगाराने आपले इतर उत्पन्न मालकाला कळवावे आणि मालकाने पगारातून त्या प्रमाणात अधिक कर कापावा. ही सोय निमूट आहे, हिशेब आपोआप जुळतो. पण तिची किंमत अशी की रविवारच्या कामाची वार्ता सोमवारी मालकाच्या मेजावर जाते. दुसरी वाट स्वतःची. कपाती वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार तारखांना तो आगाऊ भरायचा आणि वर्ष संपल्यावर विवरणपत्र दाखल करायचे. चौथ्या माणसाच्या बाबतीत ४२,४०० ही रक्कम या मर्यादेच्या बरीच वर आहे. हप्ते चुकले तर दरमहा १ टक्का व्याज.

या दोन कागदांचे निवेदनतंत्र पाहण्याजोगे आहे. मालकाने दिलेला फॉर्म १६ हा तृतीयपुरुषी दस्तऐवज आहे: अमुक कर्मचाऱ्यास इतके दिले, इतके कापले. विवरणपत्राच्या शेवटचे सत्यापन मात्र प्रथमपुरुषी असते. भरणारा स्वतःचे आणि पित्याचे नाव सांगून, आपल्या माहितीप्रमाणे हे सर्व खरे व पूर्ण आहे असे जाहीर करतो. 'खरे' आणि 'पूर्ण' ही दोन वेगळी वचने आहेत. केवळ पगार लिहिणारा माणूस खरे सांगतो, पूर्ण सांगत नाही. २०२१ पासून प्राप्तिकर विभागाने वार्षिक माहितीपत्रक उपलब्ध करून दिले आहे आणि त्यात कपात, व्याज, रोखे-व्यवहार आदींची नोंद करदात्याला आधीच वाचता येते. पुण्याच्या कंपनीने कापलेले २०,००० रुपये तेथे दिसत असतात. म्हणजे ज्या गोष्टीचा गौप्यस्फोट होईल असे कामगाराला वाटते ती श्रोत्याला आधीच ठाऊक असते. श्रोता फक्त ती याच्या तोंडून येते की नाही हे पाहत असतो.

उलट दिशेचा तोटाही लहान नाही, आणि तो गरिबालाच अधिक होतो. गोंदियाच्या फोरमनच्या भावाने किरकोळ कंत्राट घेतले, बिलातून १ टक्का कापला गेला आणि त्याचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतच राहिले, तर कापलेली रक्कम त्याचीच आहे. परंतु मागितल्याशिवाय ती परत येत नाही. विवरणपत्र म्हणजे कर भरण्याची कटकट, असे मानून जो गप्प राहतो तो स्वतःचे पैसे सोडून देतो. कंत्राटी साखळीच्या तळाशी असलेल्या माणसाला या कागदाची भाषा, मग ती इंग्रजी असो वा 'आयकर विवरणी'ची हिंदी, वाचून दाखवणारे कोणी नसते. मराठीत प्राप्तिकर, हिंदीत आयकर. शब्द बदलला की हक्कही दुसऱ्याचा वाटू लागतो.

स्वित्झर्लंड : परक्यापुरती कपात

भारतात उगमस्थानी कपात सर्व पगारदारांची होते, देशी आणि परदेशी असा भेद तिच्यात नाही. स्वित्झर्लंडमध्ये हे चित्र मुळातूनच वेगळे आहे. तेथील नागरिकाच्या पगारातून मालक प्राप्तिकर कापत नाही. नागरिक वर्षअखेर स्वतः विवरणपत्र भरतो आणि स्वतः पैसे देतो. दर महिन्याला कपात होते ती देशात राहणाऱ्या, परंतु कायम वास्तव्याचा 'सी' परवाना नसलेल्या परदेशी कामगाराची. जोडीदार स्विस नागरिक किंवा 'सी' परवानाधारक असेल तर ही कपात थांबते. भारतीयाला हा परवाना साधारणतः दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळतो. तोवर झुरिक किंवा बाझेल येथे काम करणाऱ्या मराठी अभियंत्याचा कर त्याचा मालक सांगतो. त्यासाठी मालकाला बरेच काही माहीत असावे लागते: विवाहित की अविवाहित, मुले किती, जोडीदार कमावतो का, इतकेच नव्हे तर चर्च-कर लागू होतो की नाही, म्हणजे कामगाराचा धर्मही. दरसूचीच्या दोन-तीन अक्षरांत माणसाचे चरित्र सामावलेले असते, पण ते लिहिणारा मनुष्य दुसराच.

नागरिक आपल्या मिळकतीचा निवेदक आणि परका कामगार दुसऱ्याच्या निवेदनातील पात्र, अशी ही विभागणी आहे. ती अपमानाच्या हेतूने केलेली नाही. परका माणूस उद्या देश सोडून गेला तर वसुली कोणाकडून करायची, ही तिच्यामागची रोकडी भीती. तथापि या भीतीतून विश्वासाची एक श्रेणी तयार होते, हे नाकारता येत नाही. ज्याचा शब्द ग्राह्य त्याच्याकडून विवरण मागायचे. ज्याचा शब्द अजून तोलला गेलेला नाही त्याच्याकडून आधीच वाटा काढून घ्यायचा.

जोडउत्पन्न ही या भिंतीतील खिडकी आहे. १ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेल्या सुधारणेनुसार, वर्षाचे ढोबळ वेतन १,२०,००० फ्रँक किंवा अधिक असेल, अथवा उगमस्थानी कर न लागलेले उत्पन्न किंवा संपत्ती असेल, तर परक्या कामगाराचीही नंतर सर्वसाधारण आकारणी करणे बंधनकारक आहे. किरकोळ रकमांच्या मर्यादा प्रत्येक कँटनच्या निराळ्या. यांपैकी काही लागू नसले तरी पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत त्याला स्वतःहून अशी आकारणी मागता येते.

९०,००० फ्रँक पगाराची मराठी व्यक्ती शनिवारी तबल्याची शिकवणी घेऊन काही हजार फ्रँक मिळवते असे धरू. शिकवणी नसती तर तिची कथा मालकाच्या कपातीपाशी संपली असती. शिकवणी आली की सर्वसाधारण विवरणपत्र आले आणि विवरणपत्र केवळ शिकवणीपुरते नसते. नागपूरच्या बँकेतील ठेवीचे व्याज, म्युच्युअल फंड, रायपूरच्या वडिलोपार्जित घरातील हिस्सा हे सर्व त्यात यावे लागते, कारण स्वित्झर्लंडमध्ये कँटन संपत्तीवरही कर आकारतात. रायपूरच्या घरावर तेथे प्रत्यक्ष कर लागत नाही. ते फक्त दर ठरवताना विचारात घेतले जाते. दूर देशी उभे असलेले ते घर झुरिकच्या दराला थोडा वर ढकलते. लहानशा गोष्टीने सबंध चरित्राची मागणी करावी, असा हा प्रकार आहे. शिवाय एकदा सुरू झालेली ही आकारणी उगमस्थानची कपात कायमची संपेपर्यंत दरवर्षी चालू राहते. पुढच्या वर्षी शिकवणी बंद केली म्हणून मागे फिरता येत नाही. मालकाची मासिक कपातही थांबत नाही, ती फक्त अंतिम करातून वजा होते. दोन निवेदने शेजारी शेजारी चालतात आणि वर्षअखेर ती जुळवली जातात.

जर्मनी आणि जपान येथे हे वेगळेपण सौम्य होते. जर्मनीत वेतनकर १९२० पासून सर्वांच्याच पगारातून कापला जातो. पगाराबाहेरचे, आधी कर न कापलेले उत्पन्न वर्षाला ४१० युरोंहून अधिक झाले की विवरणपत्र सक्तीचे. जपानमध्ये मालक वर्षअखेरीस हिशेब जुळवून टाकतो आणि बहुसंख्य नोकरदार, तेथील नागरिक धरून, आयुष्यभर विवरणपत्राचे तोंड पाहत नाहीत. जोडउत्पन्न २,००,००० येनांपेक्षा जास्त असेल तरच १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळात ते दाखल करायचे. त्याहून कमी रक्कम राष्ट्रीय करासाठी सांगावी लागत नाही, पण स्थानिक रहिवास-कराला ही सूट नाही. नगरपालिकेला सांगावेच लागते. जपानमधील परदेशी कामगार नेमका येथे चुकतो.

ग्रंथकाराचे जोडउत्पन्न

साहित्यव्यवहारात पूर्णवेळ लेखक विरळा असल्याने लेखनाची मिळकत बहुधा जोडउत्पन्नच असते, आणि या लेखाच्या वाचकांचा विषयाशी खरा संबंध येथेच येतो. रायपूरच्या परिसरात याची दोन उदाहरणे ठळक आहेत. माधवराव सप्रे यांनी रामराव चिंचोलकर यांच्या सहसंपादनाने जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, वामन बळीराम लाखे हे त्याचे प्रकाशक होते. तिघेही मराठी भाषक, मासिक हिंदी, आणि तीन वर्षांत ते आर्थिक ओढगस्तीने बंद पडले. अशा उद्योगाला जोडउत्पन्न म्हणणे थट्टेचेच. पण करशास्त्रात तोटा हेही उत्पन्नाचेच एक रूप आहे, आणि आजच्या नियमाने धंद्यातील तोटा पुढील वर्षांत ओढायचा तर तो मुदतीत विवरणपत्रात सांगितलेला असावा लागतो.

दुसरे उदाहरण गजानन माधव मुक्तिबोध यांचे. मराठी घरात वाढलेला हा हिंदी कवी १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक होता. त्याचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होते. 'भारत : इतिहास और संस्कृति' हे मुक्तिबोधांचे पाठ्यपुस्तक १९६२ मध्ये मध्यप्रदेश शासनाने बंदी घालून थांबवले. पगाराबाहेरच्या या लेखनाला सरकारी आज्ञेने पूर्णविराम मिळाला. २००३ च्या वित्त कायद्याने ग्रंथकाराच्या स्वामित्वधनाला ३,००,००० रुपयांपर्यंत वजावट दिली तेव्हा वाङ्मयीन, कलाविषयक आणि शास्त्रीय ग्रंथ तिच्यात घेतले. शालेय पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके, नियतकालिके यांना मात्र स्पष्टपणे वगळले. मास्तर ज्या लेखनावर चार पैसे मिळवतो नेमके तेच लेखन कायद्याने 'साहित्य' मानले नाही. साहित्य कशाला म्हणावे या जुन्या वादात वित्त कायद्यानेही आपले मत नोंदवले आहे. समीक्षेने त्याची दखल घेतलेली दिसत नाही.

त्या वजावटीची दुसरी अट अधिक महत्त्वाची: ग्रंथकार भारतात 'निवासी' असावा. येथे पुन्हा दिवसच मोजले गेले. उरल्यात दोन वर्षे राहून जर्मन नागरिकाने भारतीय प्रकाशकाकडून पुस्तक काढले असते तर तो या सवलतीला पात्र होता. झुरिकला गेलेला, जन्माने मराठी, मराठीतच लिहिणारा कादंबरीकार पात्र नव्हता. पुण्याच्या प्रकाशकाने त्याला द्यायच्या स्वामित्वधनातून अनिवासी म्हणून कर कापायचा. २०२३ च्या वित्त कायद्याने हा देशांतर्गत दर १० वरून २० टक्के केला. भारत-स्वित्झर्लंड कराराने तो १० टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी लेखकाने स्विस कर-कचेरीकडून निवासाचा दाखला आणून प्रकाशकाला द्यायला हवा. लहान मराठी प्रकाशकाला हे ठाऊक असतेच असे नाही, आणि पाच-दहा हजार रुपयांच्या स्वामित्वधनासाठी लेखकही तो दाखला मागत नाही. पुढे झुरिकच्या विवरणपत्रात हीच रक्कम लिहिली म्हणजे भारतात भरलेल्या कराचे श्रेय मिळण्याचा प्रश्न उभा राहतो आणि करारापेक्षा जास्त कापलेल्या भागाचे श्रेय तेथे मिळत नाही. तो भाग भारतातच विवरणपत्र भरून परत मागावा लागतो. एका मराठी कादंबरीसाठी दोन देशांत, दोन लिप्यांत निवेदन करावे लागते.

कर मागतो, परवाना अडवतो

या विषयातील सर्वांत अवघड गाठ कराच्या कायद्याबाहेर आहे. परदेशी कामगाराला जो परवाना मिळतो तो बहुधा विशिष्ट कामासाठी असतो. भारताचा नोकरी-व्हिसा ठराविक मालकाशी बांधलेला असतो. जपानमध्ये परवान्याबाहेरचे काम करण्यास वेगळी अनुमती लागते. विद्यार्थ्याला ती मिळाली तरी सत्रात आठवड्याला २८ तासांची मर्यादा आहे. स्वित्झर्लंडमध्ये युरोपबाहेरच्या नागरिकाला नोकरीबरोबर स्वतंत्र व्यवसाय करायचा तर त्याची निराळी परवानगी घ्यावी लागते. परवान्याचा कायदा विचारतो: हे काम का केलेस? कराचा कायदा विचारतो: या कामाचे काय मिळाले? दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर पहिल्या प्रश्नात कबुलीजबाब ठरू शकते. उत्पन्न ज्या कामातून आले ते काम परवानगीचे होते की नाही याच्याशी कराला कर्तव्य नसते. बेकायदा मिळकतही करपात्रच, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनीही मान्य केले आहे.

देशी नोकरदाराला या गाठीची फारशी कल्पना येत नाही, कारण त्याच्यापुढे ती सौम्य रूपात येते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत खाजगी नोकरी-धंद्याला पूर्वपरवानगीचे बंधन आहे, परंतु वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाच्या प्रासंगिक कामाला, शासकीय कर्तव्यात बाधा येत नसेल तर, मोकळीक आहे. हिंदी-मराठीतील कितीतरी लेखक या मोकळिकीच्या आधाराने लिहिते राहिले. उरल्यातील चौथ्या माणसाला तसा आधार नाही. पुण्याच्या कंपनीचे काम घेण्याआधी त्याने व्हिसाच्या अटी वाचायला हव्यात, विवरणपत्राची पाळी त्यानंतर येते. काम आधीच केलेले असेल तर उत्पन्न लपवल्याने परवान्याचा दोष पुसला जात नाही, त्यात करचुकवेगिरीची भर मात्र पडते, आणि पुण्याच्या कंपनीने कापलेले २०,००० रुपये त्याच्या नावावर माहितीपत्रकात उमटलेले असतातच. अशा माणसाला सल्लागार प्रथम परवान्याची बाजू नीट करून घ्यायला सांगतात आणि उत्पन्न त्याच वर्षाच्या विवरणपत्रात, ते ज्या स्वरूपाचे आहे त्याच नावाने, लिहायला लावतात. 'मानधन' या शब्दाखाली ते ठेवण्याचा मोह तेथे होतो, पण रेखाटनांसाठी दर महिन्याला आलेल्या पैशाला मानधन म्हटल्याने ते मानधन होत नाही.